उभ्याने खाल्लेलं

मी दोरी बोलतेय. कपडे वाळत घालायची, निळी, नायलॉनची. दोरीला काय सांगायचं असणार, असं म्हणून पुढे जाऊ नका. एका घराचे ओले कपडे मी आठ वर्षं अंगावर वागवलेत. कोणाचा गंजीफ्रॉक कुठे फाटलाय, कोणाच्या कंबरेचा इलॅस्टिक कधी सैल पडला, हे त्या घरच्या माणसांच्या आधी मला कळायचं. आरशासमोर जे लपवतात ते माणसं माझ्यावर आणून टांगतात, वर चिमटेही लावतात. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून रिळावर बसून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आले. तिथला दुकानदार दोरी हाताने मापायचा आणि गिऱ्हाईक बघून त्याचे हात लांब-आखूड व्हायचे. एके दिवशी एक बाई आली. गोल चेहऱ्याची, धापा टाकणारी, खांद्याला मोठी पिशवी. "उन्हात टिकेल ना?" तिने विचारलं. "तुमच्या सुनेलाही पुरेल," दुकानदार म्हणाला. यावर ती हसली आणि गरज नसताना दुप्पट दोरी घेऊन गेली. म्हणे, असू दे, कधीतरी लागेल.

या 'कधीतरी लागेल'वर त्या बाईचा सगळा संसार उभा होता. रिकाम्या बाटल्या, तुटके चिमटे, एका पायाचे मोजे, सगळं कधीतरी लागणार होतं. मी गॅलरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली गेले आणि उरलेली मी खिळ्याला गुंडाळून ठेवली गेले. समोरच स्वयंपाकघराची खिडकी होती. ओटा, मोरी आणि तिथे चालणारं सगळं मला स्वच्छ दिसायचं.

घरात चार माणसं. बाईचा नवरा रंगारी. दिवसभर लोकांची घरं रंगवायचा आणि स्वतःच्या घराचे पोपडे बघत जेवायचा. मुलगी कॉलेजात होती, म्हणजे मोबाईलमध्ये होती. सासूबाई गॅलरीत स्टुलावर बसून भाजी निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायच्या. मला त्यांची सोबत आवडायची, कारण नावं ठेवण्यात आमचं एकमत होतं.

आणि ही बाई. आई म्हणूया, घरात तिला नावाने कोणी हाक मारतच नव्हतं. ती शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करायची. काळी पँट, पिवळा शर्ट. त्या पँटच्या कंबरेला हूक अडकवायला तिने ओळीने तीन जागा करून घेतल्या होत्या. मी आले तेव्हा हूक पहिल्या जागेत बसायचा. आठ वर्षांत तो तिसरीत गेला आणि चौथीला कापड उरलं नाही.

एके दिवशी ती पँट माझ्यावर आली तेव्हा बसायच्या जागी धुऊनही मातीचा डाग राहिला होता. नवरा शेजारी विडी ओढत उभा होता. त्याला तिने सांगितलं, ते मी ऐकलं. बसला आग लागली तर काय करायचं याची डेपोत चाचणी होती. दोन मिनिटांत मागच्या दारातून सगळी मुलं उतरवायची आणि शेवटचं मूल कडेवर घेऊन आपण उडी मारायची. ही उतरली ती थेट जमिनीवर बसली. गुडघेच वाकेनात. मुलं खिदळली. ड्रायव्हरने हात धरून उठवलं.

"साहेब म्हणाले, तीन महिन्यांनी परत घेतो. तेव्हा नाही जमलं तर दुसरी बाई बघतो."

"मग बघू दे की," नवरा म्हणाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पावसाळ्यात त्याचा ब्रश कोरडा पडायचा तेव्हा चूल हिच्याच पगारावर पेटायची, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"माझी मुलं आहेत ती," ती म्हणाली. "खरंच आग लागली तर?" आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरात आरोग्याची साथ आली. मुलीने मोबाईलमधून एक जेवणाचा तक्ता काढून दिला. त्यातल्या बिया आणि फळं अशी होती की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने जन्मात पाहिली नसतील. आईने किमती विचारल्या, तक्ता घडी करून डब्याखाली ठेवला आणि स्वतःचा नवा तक्ता केला. कोबी, गाजर, भोपळा, मोड आलेली कडधान्यं, एक उकडलेलं अंडं. संध्याकाळी बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते, म्हणून ती तेव्हाच जायची. तेलाच्या दोन रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून तिने वजनं केली. बघा, कधीतरी लागलंच.

मग तिची नजर माझ्यावर पडली. भाजीच्या सुरीने तिने खिळ्याला गुंडाळलेला भाग करकर कापला. सुटे धागे वितळून चिकटावेत म्हणून दोन्ही टोकं गॅसवर धरली. जळल्याचा वास घरभर पसरला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता हे काय नवीन?" टोकांना गाठी मारून त्यांवर एका पायाचे मोजे चढवले आणि मी उड्या मारायची दोरी झाले. माझा जीव कुठल्या तुकड्यात राहिला म्हणाल, तर जो कामाला जुंपला त्यात. दुसरा तुकडा अजून तिथे गंजीफ्रॉक सांभाळत असेल.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण माझ्या एका गावठी चुलत्यावरून पडली. ती मी माणसांना लावते. पहिल्या दिवशी आईने गॅलरीत चार उड्या मारल्या. पाचवीला खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि छताचा रंग पडतोय म्हणाली. मग आम्ही इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या पेट्यांपाशी जाऊ लागलो, सकाळी कचरा न्यायची गाडी यायच्या आत. मी तिच्या पायात अडकायची, चष्म्याला लागायची, एकदा तर तिला पाडलंच. ती उठायची, गुडघा झटकायची आणि पुन्हा एकपासून मोजायची. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं. दहाव्या दिवशीही ती आली, ते मला जरा खटकलं.

दीड महिना झाला. उड्या चारावरून चाळीसवर गेल्या. तरी पँटचा हूक तिसऱ्या जागेतून हलेना आणि गुडघे दुखायचे ते दुखतच होते.

"सगळं करतेय गं," ती मुलीला म्हणाली. "मग असं का?"

"आई, तू दिवसभरात काय काय खातेस ते लिहून काढ."

तिने प्रामाणिकपणे लिहिलं. वाटीभर भाजी, वाटीभर कडधान्य, थोडा भात, एक अंडं. मुलीने कागद वाचला आणि म्हणाली, "मग तुझं अंगच तसं असेल." पुन्हा मोबाईलमध्ये गेली. कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

मला कारण ठाऊक होतं. उड्या झाल्या की मी त्याच जुन्या खिळ्यावर टांगलेली असायची आणि खिडकी समोरच होती. रोज काय व्हायचं, ऐका. आई आपली कोबीची वाटी घेऊन सगळ्यांबरोबर बसायची, शहाण्यासारखी जेवायची आणि उठायची. मग बाकीच्यांची ताटं उचलून ओट्याशी न्यायची. नवऱ्याच्या ताटात बटाट्याचे तळलेले काप उरलेले असायचे, कारण घेताना त्याला वाटे पोट म्हणजे पिंप आहे. मुलीच्या ताटात पावाच्या कडा आणि वर लोणी. सासूबाईंच्या ताटात चावत नाही म्हणून टाकलेला भात. आई ते सगळं एका ताटात ओढायची आणि मोरीकडे तोंड करून, उभ्याने, भराभर संपवायची. अन्न टाकू नये म्हणून. हात धुवायची आणि भांड्यांना लागायची.

हे तिने कागदावर लिहिलं नव्हतं. ती खोटारडी नव्हती. ते खाणं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. बसून खाल्लं तर जेवण, उभ्याने खाल्लं तर आवराआवर. असं गणित माणसाच्या डोक्यातच बसू शकतं, आमच्यासारख्यांच्या नाही. मी खिळ्यावर लोंबकळत सगळं बघायची आणि मला तिचा मनापासून राग यायचा. सकाळी माझ्या जिवावर घाम गाळायचा आणि जेवण झालं की दुसऱ्यांच्या ताटांतून तो परत भरून घ्यायचा. आणि आत बसलेली ती तिघं? त्यांना वाटायचं, ताटं आपोआप रिकामी होतात.

चाचणीला एक महिना राहिला होता. त्या दुपारी सासूबाई स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. शेंगा संपल्या म्हणून त्यांनी मान वर केली आणि खिडकीतून आत पाहिलं.

"सूनबाई, तू जेवलीस ना मघाशी?"

"हो आई."

"मग हे काय चाललंय?"

"हे?" आईने हातातल्या ताटाकडे पाहिलं. "हे काही जेवण नाही. उरलंय."

आता टोमणा येणार म्हणून मी कान टवकारले. सासूबाईंचे टोमणे मला पाठ होते. पण या वेळी तो आला नाही. टरफलं पदराने झटकली आणि म्हणाल्या, "डॉक्टर मला विचारायचे, काय खाता? मी सांगायचे, दोन वेळा जेवते, तेही बेताचं. चाळीस वर्षं हेच सांगितलं गं. आज तुला बघितल्यावर आठवलं, मी पण उभीच असायचे." आणि त्यांनी आपल्या सुजलेल्या गुडघ्यांवर हात ठेवला.

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती रडली, पण थोडंच. सासूबाईंबद्दल माझं मत त्या दिवशी मला बदलावं लागलं. असं माझ्या आयुष्यात एकदाच झालंय.

रात्रीची जेवणं झाली. आई ताटं उचलायला वाकली तशी सासूबाईंनी तिचा हात धरला. "आजपासून ज्याचं ताट त्याने धुवायचं. उरलं तर झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच खायचं."

"आई, दिवसभर शिडीवर उभा असतो मी," रंगारी म्हणाला. "घरात बाई असताना ताट मी धुवायचं?"

"तुझी बायको आहे ती. तुझी कचऱ्याची बादली नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे कालचे थंडगार, तेल सुटलेले बटाट्याचे काप आले. तिसऱ्या दिवसापासून तो मोजून घेऊ लागला. मुलगी पावाच्या कडा खायला शिकली. घरातलं तेल निम्म्यावर आलं, तेव्हा कुठे कळलं की इतकी वर्षं तिघांचं उरलेलं एकटी बाई पोटात घालत होती. आई मात्र आठवडाभर जेवण झाल्यावर ओट्याशी जाऊन उगीच उभी राहायची. हाताला काम नसलं की तिला चुकल्यासारखं व्हायचं.

महिनाअखेर हूक दुसऱ्या जागेत आला. थोडा ओढून बसवावा लागायचा, पण बसायचा.

चाचणीच्या दिवशी मी तिच्या पिशवीत होते. पिशवी तिने डेपोच्या कठड्याला अडकवली. साहेब घड्याळ घेऊन उभे होते. बसची पायरी चढताना त्यांना स्वतःलाच दम लागला होता, पण त्यांची चाचणी घेणारं कोणी नव्हतं. शिट्टी वाजली. मागचं दार उघडलं. एकेक मूल खाली उतरू लागलं. शेवटी एक चिमुरडी राहिली, ती दाराची दांडी सोडेना. आईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, बोटं सोडवली, तिला कडेवर घेतलं आणि उतरली. गुडघे वाकले आणि सरळ झाले. मुलं या वेळी हसली नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागदावर खूण केली आणि "जमलं" एवढंच म्हणाले. कौतुकाचा खर्च कंपनीच्या नियमात बसत नसावा.

आई कठड्याशी आली. पिशवीत हात घालून तिने मला घट्ट धरलं. मला बरं वाटलं, उगाच का लपवू?

तिच्यानंतर दुसऱ्या बसवर हेच काम करणाऱ्या मावशींची पाळी होती. त्या उतरल्या आणि पायरीवरच बसल्या. त्यांनाही तीन महिने मिळाले. सगळे पांगल्यावर आई त्यांच्याजवळ गेली आणि मला पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"उड्या मारू या वयात?" मावशी म्हणाल्या.

"उड्यांचं नंतर बघू," आई म्हणाली. "आधी सांगा, तुमच्या घरी ताटात कोण कोण टाकतं?"

"सगळेच टाकतात. का गं?"

तर आता मी मावशींच्या घरी असते, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर. मोजे विरलेत, मधोमध माझे धागे सुटलेत, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. दुकानदाराचे शब्द खोटे ठरणार, त्याचं मला नवल नाही. मावशी रोज अकरा उड्या मारतात. काल त्यांनी नातवाच्या ताटातला अर्धा पाव उचलला, तोंडाजवळ नेला, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. पण पाहिलं.

तुम्हाला एकच सांगते. मला जपू नका, हवं तर उद्या फेकून द्या. फक्त आज जेवण झालं, हात धुतले, की ताट तिथेच टाकून टीव्हीकडे वळू नका. आत ओट्याशी जा. तिथे तुमच्याकडे पाठ करून कोणीतरी उभं असेल. तिचं तोंड हलतंय का, एवढं बघा.