मुक्या काळजाची साक्ष

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची हाकाटी उठली आणि गोडादऱ्यातली अर्धी गल्ली तोंडाला फडकी बांधून खानदेशाकडे पळाली. सुंदराबाई हलली नाही. तिचा मुलगा सुकदेव पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला गेलेला, तो काल परतलाच नव्हता. सून नूतन सकाळपासून रडत होती, कुणाला तरी शोधायला धाडा म्हणत होती.

सुंदराबाईने तिला गप्प बसवलं. आईचं काळीज निरोपाच्या आधी बोलतं, हे तिच्या माहेरचं पक्कं शास्त्र. विहीर खणताना नवऱ्यावर दरड कोसळली, तेव्हा इकडे घरात तिची छाती घणासारखी ठोकत होती. माणसं सांगायला मागून आली. आज छातीवर हात ठेवून पाहिला, तर सगळं शांत. मग पोराला काय धाड भरलीय? सुनेचं काळीज चिमणीचं, उगाच फडफडतं.

पण पाय भाकरीसारखे फुगले होते, जोडवी बोटांत रुतत होती, लघवीही जेमतेम. नूतनने तिला बळेच म्हाताऱ्या गुजराती डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांपैकी न पळालेला तेवढाच एक.

त्याने नाडी धरली, पाय दाबले, कशाची भीती बसलीय विचारलं. भ्यायला मी काय सून आहे, असं तिने सुनावलं. छाती बघा म्हणाली, एक ठोका जास्तीचा नाही.

डॉक्टर हसला नाही. "माँजी, भीतीचा रस तुमच्याही रक्तात चढतो, तरण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. वय झालं की काळीज त्याच्या हाकेला धावत नाही. मूत्रपिंडं थकलेली, भीतीत ती मीठ-पाणी अडवून धरतात. तुमची भीती पायांत उतरलीय."

सुंदराबाईने लुगडं पायांवर ओढून घेतलं. म्हणजे पोराचं बरंवाईट झालं असतं, तरी हे काळीज असंच बसून राहिलं असतं. कालपासून तिने अशा बहिऱ्या राखणदाराच्या भरवशावर सुकदेवला सोडलं होतं.

डॉक्टरने गोळ्या दिल्या, पडून राहायला सांगितलं. तिने गोळ्या पदराला बांधल्या आणि बाहेर येऊन रिक्षाला हात केला.

"आत्याबाई, कुठे?" नूतनने विचारलं.

"पांडेसरा. तू बी चाल. तुनं काळीज चिमणीनं शे, पन बोलस तरी."

वाटेत तिने स्वतःच्या छातीला हात लावला नाही. नूतनचं मनगट घट्ट धरून बसली. त्यातली नाडी बोटांखाली उड्या मारत होती, आणि समोर पांडेसऱ्याची धुराडी जवळ येत होती, एकातूनही धूर निघत नव्हता.