काय म्हणाली?

"गेमिंग, मूव्ही की म्युझिक?"

विक्रेत्याने तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या वेळी भोंग्याला ऐकू आलं नव्हतं, दुसऱ्या वेळी ऐकू आलं पण कळलं नव्हतं, तिसऱ्या वेळी दोन्ही झालं आणि राग आला.

"कान!" तो ओरडला. "कानासाठी पाहिजे! तुमच्याकडे आणखी कुठे घालतात?"

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. हेडफोन लावून बसलेल्यांच्यासुद्धा.

भोंगा हे त्याचं खरं नाव नव्हे. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं प्रेस मशिनवर काढली. मशिन डाव्या हाताला. दर ठोक्याला एक झाकण बाहेर पडायचं आणि कानातला एक कण आत मरायचा. डावा कान मालकाच्या आधीच निवृत्त झाला. उजवा अर्धवेळ कामावर राहिला. ज्याला स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नाही तो इतरांच्या वाटणीचंही बोलतो, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलं. कारखान्याचे डॉक्टर दरवर्षी कान तपासायचे. म्हणजे उजवीकडे बसून, चहा पीत, "ऐकू येतंय ना?" असं विचारायचे. हा "येतंय" म्हणायचा. शास्त्र तिथेच संपायचं.

नोकरी संपल्यावर तो बायकोला घेऊन भरपाई मागायला गेला. साहेब नेमके डाव्या बाजूला बसले होते आणि हळू बोलत होते. बाहेर आल्यावर याने विचारलं, "काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले," बायको म्हणाली.

साहेब अजून विचार करत होते. मोठी माणसं घाई करत नाहीत.

डावा कान गेल्यापासून ती बाहेर आणि घरात त्याच्या उजव्या हाताला असे आणि कोण काय म्हणालं ते त्याच्या कानात सांगे. आताही होती.

"काका, बजेट काय?" विक्रेत्याने विचारलं.

"लेकीने दिलंय तेवढंच. तुमच्या पाटीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्याच्या आसपास."

"मग हे बघा. गेमिंगला एक नंबर. शत्रू डावीकडून आला की पावलं डाव्या कानात वाजतात." त्याने एक हेडफोन भोंग्याच्या डोक्यावर चढवलाही. "आला बघा! ऐकलंत?"

"माझ्या डावीकडून हत्ती आला तरी मला कळत नाही! तो कान मेलाय. एका कानाचं आहे का?"

"नाही हो. जोडीच येते."

"मग अर्धी किंमत लावा."

"काका, चप्पल एक मिळते का?"

"नाही मिळत. पण चप्पलवाला 'पळणार, नाचणार की देवळात जाणार' असं विचारत नाही!"

विक्रेत्याने कपाळ पुसलं. शिकवलेलं तेवढं बोलून टाकावं म्हणून त्याने आवाजातल्या ढमढमीचा पुढचा प्रश्न टाकला. "बरं, बास किती पाहिजे?"

"बास!"

"हो, पण किती?"

"बास म्हटलं ना!"

"म्हणजे जास्त पाहिजे?"

भोंग्याच्या मानेची शीर फुगली. विक्रेता बाईंकडे वळून पुटपुटला, "काकू, यांना हेडफोन नको, डॉक्टर हवा. कानाचा नाही, डोक्याचा."

"काय म्हणाला?" भोंग्याने विचारलं.

"असं चोखंदळ गिऱ्हाईक आजकाल मिळत नाही म्हणाला."

भोंगा जरा निवळला. त्याने सगळ्यात जाड उशीचा, सगळ्यात कमी दिवे लागणारा हेडफोन उचलला. "हा द्या. आणि खोक्यावर 'गेमिंग' लिहिलंय ते खोडा. मी असली थेरं करत नाही."

हेडफोनची गरज लेकीला होती. तिचा नवऱ्याशी काडीमोड झाला होता आणि ती माहेरी राहून कुठल्याशा कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकायची. भोंग्याचा टीव्ही भिंतीपलीकडून तिच्या फोनमध्ये शिरे. धुलाई यंत्र बंद पडलं म्हणून कुणी बाई रडत होत्या, तेव्हा त्यांना फोनवरून स्पष्ट ऐकू गेलं, "चालती हो! या घरात तुला जागा नाही!" बाईंनी वरपर्यंत तक्रार केली. लेकीला ताकीद मिळाली. आणखी एकदा असं झालं तर नोकरी जाणार होती.

"बाबा, आता हेडफोन नाहीतर टीव्ही विकते," लेकीने सांगितलं होतं. "बास झालं."

त्या दुपारी तिने वायर जोडली, टीव्हीत शिरून काहीतरी शोधलं. "ही बघा सोय. दोन्हीकडचा आवाज एकत्र होऊन उजव्या कानात येईल."

"ही कधीपासून होती?"

"टीव्ही घेतला तेव्हापासून."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही कुणाला बोलू देता?" असं म्हणून लेक स्वतःचा हेडफोन चढवून आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

टीव्हीवर त्याचा आवडता जुना सिनेमा लागला होता. त्याने तो इतक्या वेळा पाहिला होता की नायकाच्या कोटाचं कुठलं बटण सैल आहे हे त्याला ठाऊक होतं. बायको सवयीने उजवीकडच्या खुर्चीत बसली. टीव्हीचा आवाज आता फक्त त्याच्या कानात होता. तिच्यापुढे माणसं नुसती तोंडं हलवत होती. पहिल्या प्रसंगाला ती सवयीनेच त्याच्या कानाकडे झुकली, "तो म्हणतोय..." आणि तिचं नाक हेडफोनच्या उशीला लागलं.

"येतंय ऐकू!" भोंगा ओरडला. "सगळं येतंय!"

ती सरळ बसली.

शेवटचा प्रसंग आला. नायिका पेटी घेऊन दारात उभी. नायक खाली मान घालून. ती वळते, काहीतरी म्हणते आणि निघून जाते. भोंग्याला हा प्रसंग पाठ होता. ती म्हणते, "येते मी." म्हणजे माहेरी जाऊन परत येणार.

हेडफोनमध्ये नायिका म्हणाली, "जाते मी."

भोंग्याने हेडफोन ओरबाडून काढला. "जाते म्हणाली ती!"

बायको पडद्याकडेच बघत होती.

"तू येते सांगितलंस! दर वेळी! खोटं बोललीस!"

"एका अक्षराचा तर फरक," ती म्हणाली.

"एका अक्षराचा? येते म्हटल्यावर माणूस वाट बघतो! जाते कुणी म्हणतं का घरातून निघताना?"

"म्हणूनच बदललं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरं सांगितलं होतं, आठवतंय? थेटरात हंबरडा फोडलात. पुढच्या रांगेतली माणसं उठून मागे आली बघायला, कोण गेलं म्हणून. पुढच्या वेळी म्हटलं, मीच चुकीचं ऐकलं होतं, आणि तेव्हापासून मी तिला परत आणते."

भोंग्याने हेडफोन मांडीवर ठेवला. मग तो अगदी हळू बोलला. निदान त्याला तसं वाटलं.

"आणि साहेब? साहेब काय म्हणाले होते?"

"कोण साहेब?"

"भरपाईचे! विचार करतो म्हणाले होते ना?"

तिने पदर सारखा केला. तो सारखाच होता.

"तुमचे कान उत्तम आहेत म्हणाले. आमच्याकडे लेखी आहे म्हणाले. आणि हसून शिपायाला म्हणाले, या ठणठणपाळाला गेटबाहेर सोडून ये."

"आणि मी त्यांना नमस्कार केला!" त्याचा आवाज आता भिंतीपार गेला. "दोन्ही हात जोडून! दर महिनाअखेरीला हात रिकामा झाला की वाटायचं, अजून विचार चाललाय! पोस्टमन दिसला की दारात जाऊन उभा राहायचो मी! माझ्यावर हसला तो, आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"गेलो असतो परत! टेबल उलटं केलं असतं त्याचं!"

"आणि तुरुंगात कोण काय म्हणालं ते तुम्हाला कुणी सांगितलं असतं?" आता तीही उठली. "मलाही राग येतो हो! तुम्हाला ऐकू आलं तेवढ्याचाच यायचा, मला सगळ्यांचा. तो साहेब, तो डॉक्टर, आजचा तो दुकानातला. त्यांचं सगळं माझ्या कानात यायचं. माझे दोन्ही चालतात ना! ते गिळून मग तुम्हाला सांगायचं काहीतरी. फुकट झालं का ते काम?"

उत्तर नसलं की भोंगा आवाज वाढवायचा. आता आवाजाचं बटण हातात होतं. त्याने हेडफोन डोक्यावर चढवला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. पडद्यावर नावांची यादी वर सरकत होती. संगीत वाजत होतं. बास भरपूर होता.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, तिने खुंटीवरची पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या. दारात थांबली. त्याच्याकडे वळली. तिचे ओठ हलले. दार ओढून घेऊन ती गेली.

"काय म्हणाली?" त्याने उजवीकडे वळून विचारलं.

खुर्ची रिकामी होती.

"काय म्हणाली ती?" तो ओरडला.

"बाबा, बास!" लेक आतून कळवळली. "फोन चालू आहे माझा!"

त्याने हेडफोन काढून रिकाम्या खुर्चीवर ठेवला. त्यातून बारीक बारीक वाजत राहिलं, ते त्याला ऐकू येत नव्हतं. मग त्याने आपली खुर्ची हातांनी उचलली, आवाज होणार नाही अशी, आणि उजवा कान दाराकडे येईल अशी ठेवून तो बसला.