कलशातली आई

सोनागिरी वस्तीतल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर कलशमहाराज तांब्याला कान लावून मेलेल्यांशी बोलत होते. रेंज कधीच जात नव्हती.

मी विज्ञानाची शिक्षिका. वर्गात असल्या बाबांची टर उडवणारी. धाकट्या भावाच्या, जितेंद्रच्या हट्टापायी आले होते. मारामारीत एक माणूस दगावला म्हणून त्याने सात वर्षं शिक्षा भोगली, गेल्या महिन्यात सुटला. मागल्या वर्षी आई गेली, ते त्याला पंधरा दिवसांनी माझ्या पत्रातून कळलं. "शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?" एवढंच तो विचारायचा. मी म्हणायचे, "झोपेतच गेली रे." महाराजांनीही तेच सांगितलं तर माझी सुटका होईल, हा माझा स्वार्थ.

दारात सेवकाने फक्त आईचं नाव आणि पत्ता लिहून घेतला होता.

"रत्नप्रभाबाई बोलून राहिल्या," महाराजांनी डोळे मिटले. "टी. टी. नगर, सरकारी क्वार्टर. भजनात पेटी वाजवायच्या." लोकांनी हात जोडले. जितेंद्र रडायला लागला. "म्हणतात, मी झोपेत शांत गेले. बेटा, तू दुबईला नोकरीत होता, तुझा काही दोष नाही."

जितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. "ताई, दुबई?"

माझे कान तापले. ते दुबईचं वाक्य एकाच ठिकाणी छापलं होतं: आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत, श्रद्धांजलीच्या पानावर. लिहिलं होतं मीच. मुलगा तुरुंगात आहे, हे मंडळात कोणत्या तोंडाने सांगणार होते?

गप्प बसले असते तर झाकली मूठ तशीच राहिली असती. पण जितेंद्र माझ्याकडेच बघत होता. मी उठले.

"महाराज, माझा भाऊ दुबईत नव्हता, जेलमध्ये होता. आई दर महिन्याला त्याच्या मुलाकातीला जायची. ती दुबई कशाला म्हणेल?"

महाराजांनी तांब्या हलवून पाहिला. "आत्म्याला कधी भ्रम होतो, ताई."

सेवकाने नाव लिहून घेतलं होतं, त्या दारातल्या टेबलावरची चादर मी उचलली. खाली पाच वर्षांच्या स्मरणिका, श्रद्धांजलीच्या पानांना खुणेच्या चिठ्ठ्या. नाव विचारायचं, पान काढायचं, मजकूर आत पाठवायचा. चमत्कार एवढाच होता.

बाहेर पायरीवर जितेंद्रने विचारलं, "मग आई कशी गेली?"

"दवाखान्यात. दोन दिवस तुझंच नाव घेत होती. पॅरोलचा अर्ज करता आला असता. तुला पोलिसांबरोबर आलेलं मंडळाची माणसं बघतील, म्हणून मी केला नाही."

तो उठून गेला.

मेलेली माणसं बोलत नाहीत. विचारायचं ते जिवंतांना विचारा, आणि तुम्हाला कोणी विचारलं तर खरं सांगा. आपण लाजेने जे खोटं लिहितो, त्यावरच या बाबांची दुकानं चालतात.

जितेंद्र अजून माझ्याशी बोललेला नाही.