रंगाऱ्याचा घोटा

रंगारी शिडीवरून पडला आणि चक्क चालत दवाखान्यात आला. एक्स-रे पाहून सर्जनने कपाळाला हात लावला. उजवा घोटा तीन ठिकाणी मोडलेला, हाड जागेवरून सरकलेलं, आणि हा पठ्ठ्या विचारतो, "मलम लावून नाही का भागणार?" त्याच्या सोबत आलेली थोरली बहीण मात्र लंगडत होती. घामाने निथळत होती.

"तुम्हीही पडलात का?" मी विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं.

भूल देणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. सुरी लागण्याआधी मी पायाला चिमटा काढते आणि पेशंटचा चेहरा बघते. त्या चेहऱ्याइतका माझा मशीनवरही विश्वास नाही. सकाळी अकराला रंगाऱ्याच्या कमरेत इंजेक्शन दिलं, चिमटा काढला.

"कळतंय?"

"छे!"

मी सर्जनला होकार दिला. ज्याला मोडकं हाड दुखत नव्हतं त्याला चिमटा काय कळणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

सर्जनने कातडी उघडली आणि बाहेर कुणीतरी किंचाळलं. ड्रिल फिरलं, पुन्हा किंकाळी. ड्रिल थांबलं की शांतता.

"मॅडम, जरा बघता?" सर्जन म्हणाला. "जखम उघडी आहे, फार वेळ थांबता येणार नाही."

माझ्या हाताखालच्या डॉक्टरला मॉनिटरपाशी बसवून मी बाहेर गेले. बाकावर बहीण उजवा घोटा दाबून बसली होती. घोटा धडधाकट, साधी सूजही नाही.

"लहानपणापासून असंच आहे," ती दात आवळून म्हणाली. "पडतो तो, दुखतं मला. त्याला सांगू नका हं."

माझ्या अंगावर काटा आला. रागही आला, कुणाचा ते कळेना. मी घोटा बधिर करायचं इंजेक्शन भरलं, तर तिने माझं मनगट धरलं.

"नको. मला बधिर केलंत तर ते त्याच्याकडे जाईल."

"त्याला भूल दिलीय, बाई. तिकडे दुखण्याला जागाच नाही."

मी सुई टोचली आणि काही मिनिटांत तिने पाय सैल सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच सोडत असावी. "गेलं," ती म्हणाली. मग दचकून, "पण गेलं कुठे?"

मी आत वळले. दारापाशी पोचले आणि ड्रिल सुरू झालं. उजव्या घोट्यातून अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी चौकट गच्च धरली. टेबलावर रंगारी गुणगुणत होता.

"ठीक आहे ना सगळं?" सर्जनने विचारलं. "अजून पाच स्क्रू आहेत."

"चालू द्या," मी म्हणाले. "पण भराभर."