मोघोल भाषेतली शिवी

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून प्रतापरावांनी सवयीप्रमाणे क्षणभर थांबून सगळ्यांकडे पाहिलं.

"बसेल ना, बाबा," यामिनी म्हणाली.

"हंड्रेड पर्सेंट बसेल," जावई परीक्षित म्हणाला. त्याची नजर मसालेभातावरून हललीही नाही.

प्रतापरावांचं टाळकं सटकलं. अजून थाप मारलीसुद्धा नव्हती, तोवर ही मंडळी ती खरी मानून मोकळी! तरी त्यांनी रेटलं. ऐन जानेवारीत, उणे अडतीसमध्ये, त्यांची गाडी भर रस्त्यात बंद पडली. टो-ट्रकवाला आला, बॉनेट उघडलं, हात पोळल्यासारखा मागे घेतला आणि कचकचीत शिवी हासडली. पण कुठल्या भाषेत? मोघोल! चंगीझखानाच्या पलटणीतले लोक अफगाणिस्तानात हेरातकडे राहिले, त्यांची भाषा. बोलणारे शेवटचे म्हातारे कधीच संपले, असं अख्खं जग मानून बसलेलं. आणि इथे विनिपेगच्या बर्फात ती भाषा जिवंत, ठणठणीत, आईबहिणीवरून!

"मी पण मोघोलमध्येच उलट शिवी दिली. तो जो गळ्यात पडला, म्हणाला, काका, आजी गेल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. टोइंगचे पैसे घेतले नाहीत."

समोर अरुणा बसली होती. पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण, निवृत्त डॉक्टर, जिभेला धार. एरवी ती म्हणाली असती, "प्रताप, तुझी गाडी गॅरेजमधून निघालीच कधी रे?" आज तिनं लोणच्याची फोड बाजूला सारली आणि म्हणाली, "हो का? थंडीत फार हाल होतात बाई."

त्यांना ते लागलं.

हे सुरू झालं गेल्या महिन्यात. यामिनीनं त्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं होतं. तरुण डॉक्टर म्हणाला, एका मिनिटात आठवतील तितके प्राणी सांगा. प्रतापराव म्हणाले, "घोडा, उंट, गाय, मेंढी, बकरी," आणि हाताची घडी घालून बसले. डॉक्टर म्हणाला, अजून? "मंगोल धनगराच्या लेखी जनावरं पाचच. बाकीची एकतर शिकार, नाहीतर शत्रू." डॉक्टरनं पाच लिहिले. वर टो-ट्रकवाल्याची गोष्टही त्यांनी त्याला ऐकवली. झालं! घरी सूचना आल्या: पेशंटचं म्हणणं खोडून काढू नका, वाद घालू नका, हो ला हो म्हणा.

तेव्हापासून सगळे हो म्हणत होते. हो म्हणत म्हणत घर विकायचंही ठरत आलं होतं. तिकडे दूर, दुसऱ्या प्रांतात, ब्रॉसार्डला यामिनीच्या घराचं बेसमेंट रिकामं होतं, वेगळं वॉशरूम, वेगळं दार. घर विकून देणारी रियल्टर उद्या येणार होती.

"मला वेड लागलेलं नाही," प्रतापराव म्हणाले. "मी थापाड्या आहे. दोन्हीत फरक असतो."

"हो, बाबा."

"मी हे घर सोडणार नाही."

"हो, बाबा. आपण निवांत बोलू."

गादीवर डोकं आपटावं, तसं वाटलं त्यांना. म्हणून त्यांनी वाट बदलली. म्हटलं, आता खरंच सांगू. अठ्ठावीस वर्षं त्यांनी इथल्या युनिव्हर्सिटीत मंगोलिक भाषा शिकवल्या होत्या. वर्गात कधी चार पोरं, कधी दोन. एका वर्षी एकच, तोही खोली चुकून आलेला आणि लाजेखातर थांबलेला. त्या एकट्यासमोरही ते फळा भरून लिहीत.

"हे बघा," ते म्हणाले, "मंगोल, बुर्यात, कल्मिक, दागुर, मोघोल, ह्या सख्ख्या बहिणी. एका आईच्या. खितान ही मावशीकडची, ती केव्हाच वारली. आणि तुर्की? सारखे शब्द बघून लोक तिलाही बहीण म्हणतात. मी म्हणालो, नाही! ती शेजारीण. हजारो वर्षं वाटीनं साखर मागितलीय एकमेकींकडे, म्हणून दोघींच्या चहाची चव सारखी. त्यापायी मी हेड ऑफ डिपार्टमेंटशी भांडलो, प्रमोशन गेलं, पण शब्द मागे घेतला नाही. आणि आपला मराठीतला बहादूर? तो त्याच माळावरचा, फारसीच्या खांद्यावर बसून आलेला."

"अमेझिंग, बाबा," परीक्षित म्हणाला.

अगदी त्याच सुरात. टो-ट्रकवाल्याला जी मान डोलली होती, तीच आता खितानला डोलली. अख्खं आयुष्य आणि एक शिवी, दोन्ही एकाच भावात गेली. अरुणाचे डोळे भरून आले होते. तिची ती कीव त्यांना बघवेना.

प्रतापराव पुढे सरकून बसले. हो म्हणताच येणार नाही अशी थाप हवी होती. त्यांनी यामिनीच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"तुला आठवतं, न्यू जर्सीहून एक कल्मिक आजोबा आपल्याकडे राहायला आले होते? त्यांनी त्यांचा चहा केला होता. दूध, मीठ, वर लोण्याचा गोळा. तुझ्या आईला इतका आवडला! चित्रानं तीन वाट्या रिचवल्या. मग आजोबांच्या बरोबरीनं कल्मिक गाणं म्हटलं, चारही कडवी. आणि त्या दिवसापासून जाईपर्यंत रोज सकाळी ती तोच चहा प्यायची."

"हो, बा..." यामिनीनं हातातला चमचा ताटात ठेवला.

परीक्षितनं टेबलाखालून तिला पाय लावला. तिनं तो झटकला.

"रोज सकाळी," प्रतापराव शांतपणे म्हणाले. "मिठाचा."

"काय मिठाचा? काय मिठाचा, बाबा?" यामिनी उभी राहिली. खुर्ची मागे कलंडली. "एक घोट घेतला आईनं आणि वॉशरूममध्ये पळाली! मी दार धरून उभी होते! आजोबांना तुम्ही सांगितलंत, आनंदानं रडतेय म्हणून! आणि रोज सकाळी ती आल्याचा चहा घ्यायची, दोन चमचे साखर घालून. शेवटी शेवटी तिला कप धरवत नव्हता, तेव्हा बशीत ओतून कोण पाजायचं? तुम्हीच ना? खोटं! साफ खोटं बोलताय तुम्ही, आणि चांगलं कळून-सवरून बोलताय!"