रामीबाईंच्या लेंगीतला एक्सायटर

मित्रांनो, माझ्या पत्र्यावर नाव लिहायचे राहून गेले, म्हणून मीच सांगतो. मी एक जुना एक्सायटर आहे. माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसणारा, जेमतेम विटेएवढा डबा. आवाज मोठा करणे हे माझे काम नव्हे. मी आवाज उजळतो.

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मारोतरावांनी डाख देताना उठणाऱ्या राळेच्या निळसर धुरात मला घडवले. माझ्यात शिरलेला आवाज दोन वाटांनी जातो. पहिली वाट सरळ. तिथे मी काहीच करत नाही. दुसऱ्या वाटेवर एक चाळणी आहे. ती भारदस्त, जाड सूर अडवते आणि तलम, उंच सूर तेवढे सोडते. पुढे डायोड नावाच्या इवल्या भागांशी त्या सुरांच्या लाटा किंचित दबतात आणि दबता दबता दुप्पट, तिप्पट वेगाने थरथरणारे नवे सूर जन्माला घालतात. हे नवे सूर मी मूळ आवाजात परत मिसळतो, तेही चिमूटभर. तेवढ्यानेच ‘स’ला, ‘च’ला, ‘त’ला कडा येतात आणि दूरच्या माणसाला शब्द वेगवेगळे दिसू लागतात. होय, दिसू लागतात; मी हाच शब्द वापरीन.

जयंतीची भाषणे झाली, सप्ताहातली कीर्तने झाली. लोक म्हणत, “मारोतरावांच्या साउंडमध्ये बोललेलं समजते.” माझे नाव कोणी घेत नसे. मला त्याची खंतही नव्हती. माझे काम वेगळे ऐकू आले, तर ते बिघडले असे समजावे.

पुढे दुकान मारोतरावांच्या भाच्याकडे, इंद्रजितकडे गेले. माझे बटण त्याला नेहमी फार कमी फिरवलेले वाटे. “एवढुशानं का व्हते, मामा?” असे म्हणत एका लग्नात त्याने ते टोकापर्यंत फिरवले. प्रत्येक ‘स’ सापासारखा फुत्कारला. वऱ्हाडी मंडळींनी कानांत बोटे घातली. “डब्बाच खराब हाय,” असा निकाल देऊन त्याने मला फळीखाली ढकलले. तिथे मी तीन वर्षे होतो. माझ्या छिद्रांत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले.

यंदा होळीच्या आठवड्यात बंजारा तांड्यावरचे बाबूसिंग दुकानात आले. त्यांची आई रामीबाई, जिला सारा तांडा ‘याडी’ म्हणजे आई म्हणतो, चाळीस वर्षे होळीच्या लेंगी गाण्यांत प्रत्येक ओळ आधी म्हणत आलेली. बाकीच्या बायांनी ती झेलायची, तेव्हा गाणे पुढे सरकते. मागच्या साली शेवटच्या रांगेला तिचे शब्दच कळले नाहीत आणि गाणे मध्येच तुटले.

“पोरं म्हणतात, आता पेनड्राइव्हच लावा,” बाबूसिंग म्हणाले. “याडी दोन दिवसांपासून धड जेवली नाही, भाऊ. यंदा एकच गाणं तिले देतो म्हणाले. मागच्या बायांनी उचललं तं ठीक, नाही तं बस.”

“व्हॉल्यूम वाढवून देतो ना!” इंद्रजित म्हणाला.

“मागच्या साली तेच केलतं तू,” मारोतराव म्हणाले. “शिट्टी वाजली नुसती. आवाज नव्हता पोचला.”

त्यांनी मला बाहेर काढले. मातीचे घर अलगद खरवडले, खरखरणारे बटण स्पिरिटने पुसले.

होळीच्या दुपारी तांड्यावर रामीबाईंनी मला निरखून पाहिले. “हा डब्बा गाणार का माह्याऐवजी?”

“नाही, बाई,” मारोतराव म्हणाले. “गाणं तुमचंच. हा फक्त शब्दाईवरची धूळ पुसते.”

इंद्रजित मारोतरावांच्या कानाशी वाकला. “मामा, बारीक आवाज तुमाले आयकू येते काय?”

“आठ वर्षं झाले, नाही येत.”

“मंग सेट कसं करसान?”

“त्या बायाईच्या ओठाईवर.”

रामीबाईंनी पहिली ओळ घेतली. आवाज बारीक होता, पण सुराला पक्का. शेवटच्या रांगेतल्या इंदूबाई शब्द न कळून शेजारणीकडे पाहू लागल्या. मारोतरावांनी बटण केसभर सरकवले. रामीबाईंनी तीच ओळ पुन्हा घेतली. इंदूबाईंचे ओठ हलले, पण एका शब्दावर अडखळले. आणखी केसभर. तिसऱ्यांदा ओळ आली आणि पूर्ण रांगेने ती झेलली, बांगड्यांसकट, टाळ्यांसकट.

उत्साहाने इंद्रजितचा हात बटणाकडे आला.

“हात काढ,” मारोतराव म्हणाले. “पोचली ते. आता वाढवशीन तं बोचन.”

इंद्रजितने हात मागे घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न पाहता समोरच्या माणसांकडे पाहिले.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. नसलेला आवाज मी निर्माण करू शकत नाही. असलेल्याच्या कडा तेवढ्या उजळतो. म्हणून कोणाचा आवाज क्षीण झाला, तर त्याच्या जागी दुसरा आणण्याआधी तो कुठे हरवतो आहे ते शोधा. आणि माझ्यासारख्यांची छिद्रे मोकळी ठेवा, बटणे हळू फिरवा.

एक गाणे ठरले होते. रामीबाईंनी सात म्हटली. आठव्याआधी त्या पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा शेवटच्या रांगेतून इंदूबाई ओरडल्या, “याडी, लवकर! आमचे हात थांबले ना!”