अलीकडचा काठ

कसबा बावड्यात अप्पांच्या अंगणात पोरांच्या नाटकाची तालीम चालली होती. निवृत्त होऊनही अप्पांची शाळा काही सुटली नव्हती. नाटक त्यांनीच लिहिलेलं. नदीच्या एका काठाला कोष्ट्याची पोर, दुसऱ्या काठाला नावाडी. पळून जायचं ठरतं, पोर निरोप धाडते, "अलीकडच्या काठावर वाट बघते", आणि पुराच्या पाण्यात दोघांचाही शेवट होतो.

काळी शाल पांघरून अर्णव नियती झाला होता. मघापासून तो कोपऱ्यात उभा होता.

"अप्पा, मला कामच न्हाय की. नुसतं उभं ऱ्हायाचं?"

"अरे, सगळं तूच तर घडवतोस."

"कुठं काय घडवलं? ती तिच्या काठावर बसली, त्यो त्याच्या. वाट बघून बघून दोघांनी उड्या टाकल्या. मी हात बी न्हाय लावला."

पोरं हसली. मैथिली मात्र विचारात पडली होती. "पण अप्पा, अलीकडचा म्हणजे कुणाच्या अलीकडचा? तेवढं सांगितलं असतं तर?"

अप्पा उत्तर द्यायला गेले आणि त्यांची नजर शेजारच्या घराकडे गेली. कुंपणापलीकडे प्रियदर्शनी दोरीवरचे कपडे काढत होती. अप्पांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची ही नात. चंदगडचा राजवीर तिला पसंत होता, घरातही कुणाची ना नव्हती. फक्त अक्का म्हणाल्या, मूळ गावच्या रवळनाथाचा कौल घेऊ. प्रियदर्शनीचे वडील हंबीरराव त्यासाठी गावी गेले. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. हंबीररावांनी तिथूनच फोन केला, "डावीकडचं पडलं." विषय तिथंच मिटला. रविवारी दुसरे पाहुणे तिला बघायला येणार होते.

पोरं पांगली तसे अप्पा शेजारी गेले. हंबीरराव म्हशीला वैरण टाकत होते. अक्का ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"हंबीर, कुणाच्या डावीकडचं फूल पडलं रे?"

"डावीकडचं म्हंजे डावीकडचं. मामा, आता कशाला त्ये उकरून काढताय?"

अप्पांनी परड्यातली झेंडूची दोन फुलं खुडली, दोन्ही खांद्यांवर ठेवली आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले. "मी देव. देवळात उभा होतास तसा पुढं ये. आता दाखव."

"ह्या वयात काय सोंग काढलंय," अक्का पुटपुटल्या.

हंबीररावांनी हात झटकले, समोर आले आणि बोट दाखवलं. ते बोट अप्पांच्या उजव्या खांद्यावर टेकलं.

मेथी निवडणारे हात थांबले.

"हंबऱ्या," अक्का म्हणाल्या, "कौल देवाच्या अंगानं धरायचा असतोय."

"मला काय ठावं? मी कधी गेलतो कौलाला? माझ्या डाव्या हाताला पडलं, त्ये सांगितलं."

"गुरव काय म्हणाला?"

"म्हणाला, कौल झाला. नारळ फोडला अन् पळालो, एसटी सुटत हुती."

प्रियदर्शनी कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं अप्पांना वाटलं होतं. तो दिसला नाही.

"आजी, आणि खरंच डावा असता तर?"

अक्कांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तर परत लावला असता. देव काय एकदाच बोलून गप बसतोय व्हय?"

"मग का नाही लावला?"

"कुणी म्हटलंच न्हाय. तू बी खाली मान घालून बसलीस. मला वाटलं, तुझं बी मन न्हाय तितकं."

"मला वाटलं, नशिबातच नाही."

अक्का लेकाकडे वळल्या. "रविवारच्या पावण्यास्नी फोन लाव. अन् आधी कुठनं बोलतोयस त्ये नीट सांग. न्हाईतर दुसऱ्याच कुणाची सोयरीक मोडशील."

प्रियदर्शनी हसली, आणि कपडे तिथंच टाकून आपला फोन शोधायला आत पळाली.

दुसऱ्या दिवशी तालमीत अप्पांनी अर्णवच्या अंगावरची काळी शाल काढून घेतली आणि त्याला निरोप्या केलं. काम मिळाल्यावर गडी खूश झाला.

"निरोप त्योच काय, अप्पा?"

"तोच. शब्दही बदलायचा नाही. आता खरंच सगळं तूच घडवतोस."

मैथिलीला ते काही पटलं नाही.